पहिल्या ‘पा’वर जोर

जावई अपघातात गेला आणि लेक छोट्या नातीला घेऊन परदेशातून माहेरी परतली. नातीला स्पॅनिशशिवाय काही येत नव्हतं. आजीचं शिवणकाम चालायचं. मशीन चालवता चालवता ती लेकीकडून खाण्यापिण्याचे शब्द घोकू लागली. ‘पेस’ म्हणजे पाण्यातला जिवंत मासा, ‘पेस्कादो’ म्हणजे ताटातला. ‘सोपा’ म्हणजे सूप. “नावच तेवढं सोपं,” आजी कुरकुरायची.

एकदा लेक कामावर गेलेली असताना आजीनं बटाटे उकडले आणि मोठ्या हौसेनं हाक मारली, “आकी, पापाऽ!” इथे बटाटा आहे, असं तिला म्हणायचं होतं.

नात ताडकन उठली. धावत जाऊन तिनं दार उघडलं. मग एक हात उंच धरून, कुणाचं तरी बोट पकडल्यासारखी, हळूहळू आत आली आणि तिनं रिकामी खुर्ची ओढली.

संध्याकाळी हे ऐकून लेक पांढरीफटक पडली. “आई, पहिल्या ‘पा’वर जोर दिला तर बटाटा. दुसऱ्यावर दिला तर बाप.”

“मग सांग ना तिला, म्हातारी चुकली म्हणून!”

“सांगितलं. ती म्हणते, आजीनं बोलावलं म्हणूनच तर बाबा आले. आधी कधी बोलावलंच नव्हतं.”

लेकीनं पळून जाऊन केलेलं ते लग्न आजीनं मानलं नव्हतं. जावयाला उंबरठा ओलांडू दिला नव्हता.

तेव्हापासून नात चौथं ताट मांडू लागली. त्या बाजूनं जाताना आजीच्या अंगावर काटा यायचा. शेवटी, हा खेळ थांबवायचाच म्हणून, ती स्वतःच त्या खुर्चीत जाऊन बसली. नात काहीतरी पुटपुटली.

“काय म्हणतेय?”

लेकीनं खुर्चीकडे पाहिलं. “तू... त्यांच्या मांडीवर बसलीयेस म्हणते.”

आजी चटका बसल्यासारखी उठली. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, त्या ताटात बटाटा वाढला आणि म्हणाली, “जावईबापू, बसा. संकोच करू नका. घर तुमचंच आहे.”

आल्यापासून न रडलेली लेक ओक्साबोक्शी रडू लागली. नात मात्र खुर्चीकडे कान लावून ऐकत होती. मग म्हणाली, “साल.”

“साल राहिली का गं बटाट्याला?”

“नाही आई,” लेक डोळे पुसत म्हणाली. “साल म्हणजे मीठ. अळणी लागतंय त्यांना.”

आजीनं मान वर न करता मीठदाणी पुढे सरकवली.