नाव घालायची राहिलेली लोटी

“गोदे! अगं ए गोदे! आवर की लवकर. माझ्या मागं अठरा जणी कुडकुडत उभ्या हायेत!”

नवसाबाईची हाक अशी, की दोन दारं पलीकडची झोपलेली माणसंही उठून बसत. माघातली थंडी होती. अठरा जणी पदरात हात गुंडाळून उभ्या होत्या आणि आपापसात काहीतरी कुजबुजत होत्या. नवसाबाईनं मागं वळून पाहिलं तशी कुजबूज बंद पडली. हे काही तिला आवडलं नाही.

नवसाबाई मुलींच्या शाळेची बोलावणारी बाई. सकाळी दारोदार हिंडून मुली गोळा करायच्या, ओळीनं शाळेत पोचवायच्या आणि शाळा सुटली की ज्या उंबऱ्यातून उचलली त्याच उंबऱ्यात परत नेऊन सोडायची, ही तिची नोकरी. मुली शिकू नयेत असं नाशकात आता फारसं कुणी उघड म्हणत नव्हतं; पण मुलीनं एकटीनं रस्त्यानं जावं असंही कुणी म्हणत नव्हतं. या दोहोंच्या मधल्या फटीत नवसाबाईनं तेरा वर्षं काढली होती.

बाई स्वभावानं भारी संशयी. दुधात पाणी लागलं नाही, तर आज गवळ्याच्या मनात काय आहे असा संशय घेणारी. पण याच गुणावर शाळा चालत होती म्हणा ना! कुणाचे डोळे सुजलेत, कुणाची वेणी आज आईनं घातलेली नाही, कोण उपाशी आलीय, हे तिला चालता चालता कळे. शाळेच्या दारात ती हेडमास्तरीणबाईंना, म्हणजे मोठ्या बाईंना गाठून हळूच सांगे, “दुसरीतल्या जहिदाला आज पाढे नका विचारू. आई बाळंतीण हाय, पोरगी पहाटंपासनं भाकऱ्या थापतीय.” मोठ्या बाई जहिदाचा हात उलटा करून पाहत, तर बोटावर फोड असायचाच. त्या दिवशी पाढे टळत. जहिदाला ते कोणामुळे टळले हे कधी कळत नसे.

गोदा सातवीत होती. सात वर्षांपूर्वी तिचे वडील मोतीराम, किराणा दुकानदार, तिला शाळेत घालायला तयार नव्हते. तेव्हा याच दारात उभं राहून नवसाबाईनं शब्द दिला होता, “भाऊ, पोरीवर माझा डोळा राहील. काही वंगाळ दिसलं, तर गावाच्या आधी तुमाला सांगंन.” त्या एका शब्दावर गोदा सातवीपर्यंत आली. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची सरकारी परीक्षा, दोन महिन्यांवर होती. पास झाली की पोरगी मास्तरीण होणार, असं मोठ्या बाई सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार रोज तीच लिहायची.

आणि हीच गोदा आताशा भांडी घडवणाऱ्यांच्या तांबट लेनीत ओळीच्या मागं पडत होती.

पहिल्यांदा ते नवसाबाईच्या कानानं पकडलं. तांबट लेनीत सकाळपासून ठोक्यांचा गजर चालतो. त्यात माणसाला आपला खोकलासुद्धा ऐकू येत नाही. पण मुलींची ओळ आत शिरली की केरूच्या दुकानातले ठोके थांबत. एकाच दुकानातले! केरू हा विशीतला पोरगा, नुकतं मिसरूड फुटलेला. भांड्यांवर नावं घालायचं काम करायचा. नवसाबाईनं न पाहिल्यासारखं करून पाहिलं. गोदा चप्पल नीट करायला वाकली आणि तिच्या हातातली घडी केलेली चिठी केरूच्या पाटावर पडली.

चार दिवसांनी पुन्हा तेच. आठवड्यानं पुन्हा.

“काय देतीस गं त्याला?” नवसाबाईनं तिला शेवटी रस्त्याच्या कडेला घेतलं.

गोदा लाजली नाही, घाबरलीही नाही. उलट हसली. “नवसाबाई, आत्ता नका ना विचारू. परीक्षा झाली की मीच सांगेन.”

मागं अठरा जणी एकदम खिदळल्या. पाच वर्षांची चिमुरडीसुद्धा तोंडावर हात धरून उभी! म्हणजे सगळ्या ओळीला ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते फक्त ओळीच्या पुढं चालणाऱ्या बाईला. तेरा वर्षांत तिच्यापासून काही लपवण्याची कुणाची छाती झाली नव्हती.

दुपारी शाळा भरलेली असताना ती एकटीच केरूच्या दुकानात जाऊन उभी राहिली. पाटावर छिन्नीखाली नवी चिठी होती. केरूनं घाईनं तिच्यावर फडकं टाकलं. तिनं फडक्यासकट चिठी उचलली.

“मावशी, ती नका नेऊ!” केरू उठलाच. “भांड्यावर घालायचं नाव हाय ते. मला कुठं लिहिता-वाचता येतं? आधी काका लिहायचा, त्याचे डोळे गेले तवापासनं ती लिहून देती, मी तसंच्या तसं ठोकतो.”

“व्हय का? आनि कुनाचं नाव हाय?”

“ते सांगायचं नाय असं ठरलंय.”

“ठरलंय! कुनाकुनाचं ठरलंय?”

केरू खाली मान घालून गप्प बसला. गप्प बसणारा माणूस खोटारडा, हा नवसाबाईचा जुना हिशेब. नाव घालायला शाळेतली पोर कशाला लागते, आणि नावच असेल तर ते सांगायची चोरी कशाला? तिनं चिठी कनवटीला लावली.

आता गंमत अशी, की नवसाबाईलाही वाचता येत नव्हतं. शाळेच्या दारात तेरा वर्षं बसली, पण दाराच्या आत कधी बसली नाही. दिवसभर चिठी पोटाशी टोचत राहिली. मोठ्या बाईंना दाखवावी, तर गोदाचं नाव शाळेतून जायचं. पोरींपैकी कुणाकडून वाचून घ्यावी, तर सगळ्या एकमेकींना सामील. तिनं दोनदा चिठी उघडून पाहिली. अक्षरं काळीभोर, नीट ओळीत उभी होती. इतकं जीव ओतून पोरगी भांड्यावरचं नाव लिहील, हे तिला पटेना. बाईला त्यात काय काय दिसलं ते तिचं तिलाच ठाऊक.

संध्याकाळी गोदा आत गेली आणि तिची आई कलाबाई दारात आली. नवसाबाईनं पाणी मागितलं. ते नेहमीसारखं वरून ओंजळीत आलं. सगळ्याच दारांत तसंच यायचं, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. ओंजळ संपता संपता कलाबाई म्हणाली, “नवसाबाई, पोरगी अलीकडे स्वतःशीच हसते. काही आहे का?”

नुसतं “नाही” म्हटलं असतं तर भागलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण सात वर्षांपूर्वीचा शब्दही याच उंबऱ्यावर उभा होता. उद्या काही बरंवाईट झालं, तर गोदापाठोपाठ बाकीच्या अठरा दारांना कड्या लागतील, हेही तिला दिसत होतं.

“काय नाय, वहिनी,” ती ओले हात पदराला पुसत म्हणाली. “सोमवारपासनं मी तांबट लेनीतनं नेत नाय, एवढंच.”

कलाबाई तांब्या घेऊन आत गेली आणि दार लागलं.

सोमवारी गोदा आली नाही. मंगळवारी नवसाबाईनं तीन हाका मारल्या, चौथीला धाकटा भाऊ येऊन सांगून गेला, ताई येणार नाही. आठवड्यात बातमी फुटली, की गोदाचं सिन्नरला ठरलं. सारडा कायद्यानं मुलीच्या लग्नाला घातलेलं चौदावं वर्ष तिनं दिवाळीतच ओलांडलं होतं. त्यामुळे कायद्याचीही आडकाठी उरली नव्हती.

मोठ्या बाईंनी नवसाबाईला पाठवलं. “फॉर्म भरून गेलाय म्हणावं. परीक्षेपुरती तरी सोडा.”

मोतीराम दुकानात गूळ फोडत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“नवसाबाई,” ते म्हणाले, “तुम्ही शब्द दिला होता आणि तो पाळलात. तुम्हीच सांगितलंत म्हणून वेळेवर शहाणे झालो. आता तुम्हीच कशाला भीड घालता?”

बाई आली तशी परत गेली.

मग पंधरा-वीस दिवसांनी केरूनं तिला रस्त्यात गाठलं. ती दुसऱ्या गल्लीनं मुलींना घरी नेत होती आणि तो धावत आला होता. हातात पितळी लोटी होती. लख्ख, कोरी.

“मावशी, ही घेऊन जावा. दहा चिठ्ठ्या लिहून दिल्या की एक लोटी, असं ठरलं व्हतं. ताईनं दहा पुऱ्या केल्या. दहावीवरचं नाव ह्या लोटीवर घालायचं व्हतं, पण ती चिठी तुमी नेली. ती अक्षरं मला कुठं ठाव? चिठी द्या, आत्ता घालून देतो.”

नवसाबाईनं मुलींकडं पाहिलं. आज कुणी खिदळलं नाही. सगळ्या खाली पाहत होत्या. तिनं कनवटीची चिठी काढली. ती इतके दिवस तिथंच होती, घड्यांवर मळली होती. तिनं ती सगळ्यांत जवळ उभ्या असलेल्या जहिदापुढं धरली.

“वाच.”

जहिदानं चिठीकडं न बघताच नाकानं सूं केलं. “तुमचंच नाव हाय, नवसाबाई.”

“बघून वाच!”

जहिदा बोट ठेवून वाचू लागली. “न-व-सा-बा-ई. नवसाबाई यांस, शाळेच्या मुलींकडून.” मग मान वर करून म्हणाली, “तुमाला सगळी वरूनच पाणी देतात म्हनून गोदाताईनं काढलं हे. तुमाला आधी सांगितलं तर तुमी घेनार नाय म्हनाली.”

नवसाबाई कडेच्या ओट्यावर बसली. केरूनं तिथंच बसकण मारून छिन्नी काढली. त्याचे ठोके संपेपर्यंत मुली उभ्याच राहिल्या. त्या दिवशी सगळ्या दारांना उशीर झाला आणि कुठल्याच दारात तिनं कारण सांगितलं नाही.

गोदाच्या दारात मांडव पडला, त्याच आठवड्यात फायनलचे पेपर सुरू झाले. मुलींना शाळेत सोडून नवसाबाई लोटी पदराखाली घेऊन मांडवात आली. कलाबाई पापडांचे डबे भरत होती.

“वहिनी, माझी चूक झाली. त्या चिठीत काय नव्हतं. माझंच नाव व्हतं. ही बघा.”

कलाबाईनं लोटीकडं पाहिलं आणि डब्याचं झाकण दाबलं. “गोदानं आम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं.”

“मग?”

“मग काय? भर बाजारात उभी राहिली हे तर खरं ना? लोक बघतात. त्यांना घरोघर जाऊन लोटी कोण दाखवणार?”

नवसाबाईला एकदम म्हातारपण आल्यासारखं झालं. ती वळली तोच आतून गोदा आली. हळद लागायची होती अजून. हातात हिरव्या बांगड्या मात्र भरलेल्या होत्या. एका हातात पाण्याचा तांब्या होता. कुणी सांगितलं नव्हतं, ती आपणहूनच आली होती.

नवसाबाईनं सवयीनं ओंजळ पुढं केली. मग मागं घेतली आणि लोटी पुढं केली.

गोदानं पाणी ओतलं. लोटी काठोकाठ भरली. गोदा काहीतरी बोलेल, रडेल, भांडेल, असं नवसाबाईला वाटत होतं. भांडली असती तर फार बरं झालं असतं. पण गोदा लोटीवरची अक्षरं बघत होती, पाटी तपासतात तशी.

“‘सा’चा काना खाली लांबलाय,” ती म्हणाली. “मी केरूभाऊंना सांगणार होते. पण असू दे, वाचता येतंय.”

आतून कुणीतरी तिला हाक मारली आणि ती गेली.

नवसाबाई पाणी प्याली. मग रस्त्यावर येऊन तिनं रिकामी लोटी उन्हात धरली आणि बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली. तिला सगळे काने सारखेच दिसले.