नांगर न फिरलेला कोपरा

मी एक जुनी टिपणवही आहे. मित्रांनो, माझी पानं पिवळी पडली आहेत आणि कातडी पाठ दोन ठिकाणी उसवली आहे. सध्या मी दुबईजवळच्या अल ऐनमध्ये रूथ हागेमान नावाच्या अमेरिकन प्राध्यापिकेच्या कपाटात, सुती कापडात गुंडाळलेली असते. माझा जन्म मात्र फार दूर, एका ओल्या, गार मुलखात झाला.

जर्मनीतल्या एका खेड्यात मला शिवलं. १८७१ साली काथारीना नावाच्या तरुण शेतकरणीने मला घेतलं. तिच्या सासरी जमीन थोडी आणि वाटेकरी पुष्कळ, म्हणून ती आणि तिचा नवरा हाइनरिख बोटीने अमेरिकेला निघाले. नेब्रास्कात त्यांना जमीन मिळाली. तिथे झाड नव्हतं, दगड नव्हता, नुसतं कमरेएवढं गवत. दोन वर्षं ती दोघं मातीच्या ढेपांच्या घरात राहिली. काम संपलं की काथारीना हात धुऊन मला उघडायची आणि एकदोन ओळी लिहायची. गहू पेरला. गारा पडल्या. तांबडी गाय व्याली. पेरणीची तारीख अडली की हाइनरिख म्हणायचा, वहीला विचार. तेव्हा मला फार अभिमान वाटायचा.

काथारीना गेल्यावर तिचा मुलगा विल्हेल्म मला जपत असे. मग १९१८ साल आलं. जर्मनीशी युद्ध चालू होतं आणि आमच्या गावात जर्मन बोलणाऱ्यांकडे लोक संशयाने पाहू लागले. चौकात जर्मन पुस्तकं जाळली गेली. विल्हेल्मने मला पत्र्याच्या डब्यात घालून कोठाराच्या माळ्यावर लपवलं. त्याने मला वाचवलं खरं, पण त्या दिवसापासून घरात जर्मन बोलणं बंद केलं. त्याच्या मुलाला ती भाषा कधी आलीच नाही. मी शंभर वर्षं अंधारात पडून राहिले. खाली माणसं इंग्रजीत बोलत, ते मला कळत नसे. मी बोलले असते, तर त्यांना कळलं नसतं.

विल्हेल्मचा मुलगा म्हातारा होऊन वारला, तेव्हा त्याच्या मुलीला, म्हणजे रूथला, मी सापडले. ती अल ऐनच्या विद्यापीठात शिकवत होती. तिने मला सोबत आणलं, पण तिला माझी एक ओळही वाचता येईना.

गेल्या वर्षी रूथच्या धाकट्या भावाने, डेलने, नेब्रास्कातलं शेत विकायचं ठरवलं. त्याचे गुडघे गेले होते आणि मुलं शहरात होती. विकत घेणारा ईशान्येच्या कोपऱ्यात सिमेंटचा चौथरा घालून धान्याच्या टाक्या उभारणार होता. हे ऐकून रूथ अस्वस्थ झाली. त्या कोपऱ्यात तिच्या वडिलांनी कधी नांगर फिरवला नव्हता, आजोबांनीही नाही. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सह्यांना सहा आठवडे उरले होते.

ओळखीतून तिला वीणा भेटली. वीणा पुण्याची. तिथेच जर्मन शिकलेली. आता दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये एका कंपनीत भाषांतराचं काम करणारी. दर शनिवारी रूथ दीड तास गाडी चालवून तिच्याकडे येऊ लागली. पहिल्या दिवशी वीणाने मला उघडून चार पानं चाळली. मग तिने स्पष्ट सांगितलं, की भाषा तिला येते, पण हे जुनं जर्मन अक्षर येत नाही. आमच्याकडच्या मोडीसारखं आहे हे, ती म्हणाली, वाचणारे संपले की कागद मुका होतो.

तरीही तिने हार मानली नाही. जुन्या अक्षरांचा तक्ता मिळवून ती एकेक वळण ओळखू लागली. कळेल ते ती आधी आपल्या वहीत मराठीत उतरवून घ्यायची, मग रूथला इंग्रजीत सांगायची. तिची दहा वर्षांची मुलगी शुभ्रा ते इंग्रजी लॅपटॉपवर टाईप करायची. चार शनिवार नुसता पाऊस, गारा आणि वासरं निघाली. रूथचा धीर सुटत चालला होता.

पाचव्या शनिवारी वीणाचं बोट १८८० सालच्या फेब्रुवारीवर थांबलं.

"मॅडम, जरा बसून घ्या," ती म्हणाली. मग तिने सावकाश वाचलं. "घटसर्प. सोमवारी लीना गेली, सात वर्षांची. गुरुवारी गेओर्ग, तीन वर्षांचा. जमीन गोठली आहे. हाइनरिखने दिवसभर शेकोटी पेटवून ती मऊ केली. ईशान्येचा कोपरा. तो म्हणाला, इथे नांगर फिरणार नाही."

पुढल्या वर्षीच्या पानावर आणखी एक ओळ होती. वणव्यात कबरींवरचे दोन्ही लाकडी क्रूस जळाले. जागा हाइनरिखला माहीत आहे.

मित्रांनो, मधली इतकी वर्षं मी ती दोन नावं सांभाळत होते आणि ती विचारणारं कुणी नव्हतं.

रूथने तिथूनच डेलला फोन लावला. तिकडे सकाळ होती. तिने नावं सांगितली.

"बाबा त्या कोपऱ्याआधीच ट्रॅक्टर वळवायचे," डेल म्हणाला. "मी विचारलं तर म्हणायचे, त्यांच्या बाबांनी सांगितलंय. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा हट्ट."

डेलने सह्या पुढे ढकलल्या. तो कोपरा विक्रीतून वगळला गेला. आता तिथे साधं कुंपण आहे आणि एका दगडावर लीना आणि गेओर्ग अशी नावं आहेत. मेमध्ये रूथ तिकडे जाऊन आली.

पण त्या शनिवारचं एक सांगायचं राहिलं. रूथ डोळे पुसत निघून गेली, मला मात्र टेबलावरच विसरली. शुभ्राने शेजारची आईची वही उचलली, चार पानं उलटली आणि म्हणाली, "आई, आय कान्ट रीड धिस. यू रोट इट, ना?"

वीणाने टीव्ही बंद केला, कोरा कागद घेतला आणि मुलीच्या हातात पेन्सिल दिली. शुभ्राचं नावच अवघड. 'भ्र'पाशी पोरीची पेन्सिल तीनदा मोडली. जेवायची वेळ टळून गेली तरी दोघी उठल्या नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचं तरी अक्षर असेल. लिहिणारं माणूस आहे तोवर त्याच्या शेजारी बसा आणि ते वाचून घ्या. मला शंभर वर्षांनी एक परकी बाई भेटली. सगळ्याच वह्यांना ती भेटत नाही.