मावशीचं कॅरेक्टर सर्टिफिकेट

अमेरिकेतल्या प्लेनोतला आमचा मराठी कंपू दर शुक्रवारी येलित्झाकडे जेवतो. एका बाजूला लॉन्ड्री, दुसऱ्या बाजूला नखं रंगवायचं दुकान आणि मध्ये तिचं सहा टेबलांचं व्हेनेझुएलन हॉटेल. ती अरेपा करते. म्हणजे मक्याच्या पिठाची जाडजूड भाकरी, मधोमध चिरून आत काळे बीन्स, चीज आणि तळलेलं केळं भरलेली. आमचे लोक पहिला घास घ्यायच्या आधीच घरून आणलेली ठेच्याची बाटली उघडतात. वर तिलाच सांगतात, तुमच्याकडे तिखट कसं ते नाहीच.

चारुदत्तकाका आमचे म्होरके. हृदयाचे डॉक्टर, आता रिटायर्ड, चाळीस वर्षांपासून सिटिझन. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला 'मावशी' करून टाकलं. मावशी, पाणी. मावशी, एक्स्ट्रा सॉस. तिने मला शब्दाचा अर्थ विचारला. मी म्हटलं, आईची बहीण. बाई इतकी हरखली की त्या दिवसापासून आमच्या ताटात एक केळं जास्तच पडायला लागलं.

पुण्यात मावश्या दोन असतात, हे मी तिला सांगितलं नाही. एक आईची बहीण, दुसरी भांडी घासते. काकांची कुठली, हे टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही हसत होतो. मीसुद्धा.

गेल्या शुक्रवारी ती ताटं ठेवून तिथेच उभी राहिली. तिच्या देशाच्या लोकांना सरकारने दिलेलं तात्पुरतं परमिट बंद झालं होतं. आता सगळी भिस्त आश्रयाच्या अर्जावर. वकिलाने सांगितलं होतं, जवळून ओळखणाऱ्यांची पत्रं आण, सिटिझनचं मिळालं तर उत्तम. सोमवारी सकाळी द्यायची होती.

"तुम्ही तर माझे भाचे," ती काकांकडे बघत म्हणाली.

रवींद्र बारा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभा आहे, त्याला एकदम मोबाइलमध्ये काहीतरी दिसलं. ती आत गेल्यावर म्हणाला, "यार, आपण लीगल आलो." मी म्हटलं, तिच्याकडेही कागद होता, तो सरकारनेच रद्द केला. त्यावर तो म्हणाला, तसलं लीगल वेगळं. उद्या आपला कागद रद्द झाला की हाच रवींद्र कुठलं लीगल सांगणार, देव जाणे.

काका मात्र उदार झाले. मी लिहितो, म्हणाले. रविवारी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पत्र आलं, 'सावनी, इंग्लिश बघून घे' अशा हुकुमासह.

पत्रात होतं: मावशीला मी तीन वर्षं ओळखतो. स्वभावाने गरीब. स्वच्छ. वेळेवर येते, रजा घेत नाही. उलट बोलत नाही. आमची कुठलीही वस्तू कधी गहाळ झाली नाही.

बाई स्वतःच्या मालकीच्या हॉटेलात वेळेवर येते.

मी फोन लावला. "काका, हे कामवालीचं सर्टिफिकेट झालं."

"मग? प्रामाणिक आहे म्हटलंय. याहून मोठं काय म्हणायचं?"

"तिचं नाव कुठंय यात?"

"मावशी लिहिलंय की."

"आडनाव?"

मग म्हणाले, "ते तू भर. तुला ठाऊक असेल."

मला ठाऊक नव्हतं. तीन वर्षं तिच्या हातचं गिळून मला तिचं आडनाव माहीत नव्हतं.

तडक हॉटेलात गेले, पहिल्यांदाच स्वयंपाकघरात शिरले आणि तेलाच्या उलट्या डब्यावर वही घेऊन बसले. तिला म्हटलं, मला तुमच्याबद्दल काही माहिती नाही, सांगा. ती पीठ मळायची थांबली, माझ्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा मळायला लागली. आडनाव उर्दानेता. गाव माराकाइबो. शाळेत एकोणीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. मोर्चात गेलेल्या पोरांची नावं द्यायला नकार दिला म्हणून नोकरी गेली, मग घरावर सरकारची माणसं आली. हे सगळं ती अरेपा थापता थापता, भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती.

दोन पत्रं लिहिली, एक माझं, एक काकांच्या सहीसाठी. माझ्या पत्राखाली माझं नाव, पत्ता आणि व्हिसाचा प्रकार टाकायचा होता. व्हिसापाशी येऊन पेनाला टोपण लावलं, खोटं कशाला बोलू. रवींद्र म्हणतो, असल्या फायलीत आपलं नाव नको. टाकलं.

दुसरं घेऊन काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"केमिस्ट्री शिकवायची? बोलली नाही कधी."

"तुम्ही सॉस मागत होतात."

काकांनी पेन शोधलं. सही केली, खाली 'एम.डी.' लिहिलं, त्याखाली रेघ ओढली. मग समाधानाने म्हणाले, "शिक्षिका आहे म्हणजे मावशी बरं दिसत नाही. आता बाई म्हणत जाऊ."

शाई वाळायच्या आत मी कागद ओढून घेतला.