एकशे सात आजारी बैल

तुमी हा प्रोग्राम मोडीत काढायला निघालात साहेब, पण एकदा तरी उघडून पाहिलात का? न्हाई! आत कोण राहतं ते न बघताच बुलडोझर बोलावलात.

विश्वेश्वरअप्पांच्या जिभेवर हे सकाळपासून घोळत होतं, ओठाबाहेर येत नव्हतं. समोर साखर कारखान्याचे मोठे साहेब डुलक्या घेत होते. ऊसतोड टोळ्यांच्या हजेरीचा प्रोग्राम अप्पांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी एकहाती लिहिलेला. आता तो नव्यानं लिहायचा, म्हणून पुण्याच्या कंपनीची धनश्री एकेक जुना नियम वाचत होती. ठेवायचा की काढायचा? खिडकीतून शेजारच्या थर्मल वीजकेंद्राची राख भुरभुरत होती, दुपार पेंगत होती. नियम खोडला गेला की अप्पांना वाटे, एका गल्लीतला दिवा कुणीतरी मालवला.

"नियम एकेचाळीस. गाडीचा बैल आजारी पडला तर त्या तोडणीच्या जोडप्याचा बारा दिवस खाडा धरायचा नाही." धनश्री हसली. "आता तर सगळे ट्रॅक्टर. काढू?"

"काढा," साहेब डोळे न उघडता म्हणाले.

"पण अप्पा, गेल्या हंगामात एकशे सात बैल आजारी पडले कसे?"

अप्पांनी डोळे मिटले आणि बैल आलेच. पांढरेशुभ्र, उसाच्या तुऱ्यांतून वाट काढत; एकाच्याही खुराचा आवाज नाही. पाचटाच्या कोप्यांपुढं, तोडकऱ्यांच्या त्या झोपड्यांच्या दारात, ते बसले, रवंथ करू लागले. प्रत्येकाच्या पोटाशी, उबेला, चिंध्यांत गुंडाळलेलं एकेक लेकरू.

पहिला बैल चकलांब्याच्या छबुबाईचा. ती फडातच बाळंत झाली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा हाती कोयता. मुकादम आसाराम मान खाली घालून आलता. "आप्पा, कारखान्याच्या नियमात बाईला सुट्टी न्हाई. बैलाला हाय."

"मग बैल बसला म्हन की बे!" अप्पांनी नोंद केली होती.

तेव्हापासून कुठल्याही टोळीत बाई बाळंत झाली की मुकादमाचा निरोप एकच यायचा: आप्पा, बैल बसला.

"अप्पा?" धनश्रीनं हाक मारली.

अप्पांनी डोळे उघडले. बैल अजून तिथंच होते. साहेबांच्या खुर्चीमागं उभे, श्वास सोडत.

"बैल न्हवते ते, ताई. बाळंतिणी होत्या."

साहेबांची झोप उडाली. "म्हणजे खोट्या नोंदी? चौकशी लागेल अप्पा! रिटायर व्हायला दोन महिने राहिलेत तुमचे."

"लावा की. खरं लिहायला तुमी रकानाच ठेवला न्हाई, म्हणून खोटं लिहिलं. अठ्ठावीस वर्षं लिहिलं."

राख टेबलावर, कागदांवर, साहेबांच्या पांढऱ्या बाहीवर अलगद बसत राहिली. धनश्रीनं एकेचाळिसावा नियम खोडला, खाली नवी ओळ उघडली आणि हळूच विचारलं, "काय लिहू?"

साहेब पंख्याकडे बघू लागले.

"तिकडं काय बघता?" अप्पा उठून उभे राहिले. "बैलाला बारा दिवस होते. बाईला किती? पोरगी लिहायला बसलीय साहेब. बोला!"