पुरून उरलेली रोरी

जरा वाका, म्हणजे दिसेन. त्या दगडाखाली टोपलीत विसरलेल्या वांग्यासारखं काळं, लांबुळकं काहीतरी पडलंय ना, ती मी. पॅसिफिकमधल्या रारोटोंगा बेटाच्या या उथळ पाण्यात मला रोरी म्हणतात. तुमच्याकडे समुद्रकाकडी म्हणतात असं ऐकलंय. काकडी! एकदा कोशिंबीर करून बघा, मग कळेल.

मला डोळे नाहीत, कान नाहीत आणि खरं सांगायचं तर मेंदूही नाही. तरी आत्मवृत्त सांगायला बसलेय. पण तसं करणारी मी काही पहिली नाही. वाळू खायची आणि स्वच्छ करून मागून सोडायची, हा माझा धंदा. तो सोडला तर माझ्यात एकच गुण आहे. माझं पोट रिकामं केलं तरी मी मरत नाही. आतडी गेली तर नवी येतात. काही महिने उपास घडतो, एवढंच.

हा गुण बेटावरच्या बायकांना पक्का ठाऊक आहे. माझी बाई म्हणजे आकाइतीमामा. इथे थोरल्या बाईला मामा म्हणतात, उगाच मिशा शोधू नका. ओहोटीला ती चर्चची टोपी घालून गुडघाभर पाण्यात यायची, मला उचलायची, बोटभर चीर द्यायची आणि आतला पिवळा मतु, म्हणजे माझी गाभोळी, बाटलीत पिळून घ्यायची. तो लोण्यात परतला की घरातली माणसं बोटं चाटतात म्हणे. मग ती मला त्याच दगडाखाली सावलीत ठेवायची आणि सांगायची, "जा बाई, भरून ये." असं अकरा वेळा झालं. मी चिडून तिच्या हातावर पांढरे चिकट धागे फेकायचे. ती ते वाळूने घासून काढायची आणि हसायची. आमचं बरं चाललं होतं.

यंदा तिचे गुडघे रुसले आणि सुरी सुनेच्या हाती आली. तेरेआपी ऑकलंडमध्ये वाढलेली, तिने मासा पाहिला तो दुकानातल्या बर्फावर. स्वभावाने गरीब, पण नको तेवढी हळवी. चीर कुठे द्यायची, किती द्यायची, पिळायचं कसं, सगळं सासूने नीट शिकवलं. परत ठेवायचं मात्र सांगितलं नाही. जेवल्यावर हात धुवा, असं पाहुण्याला कुणी सांगतं का?

तेरेआपीने डोळे मिटून सुरी चालवली ती बोटभराऐवजी वीतभर. मतुबरोबर माझं होतं नव्हतं ते सगळं बाहेर आलं. माझा लोळागोळा झालेला पाहून मी मेलेच असं तिला वाटलं. ती रडली, माझी माफी मागितली. आता, मेलेल्याला वाऱ्यावर टाकायचं नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. इथे आपली माणसं घरापुढच्या अंगणातच पुरतात. तिने मला ओल्या टॉवेलात गुंडाळून घरी नेलं, सासऱ्याच्या थडग्याशेजारी खड्डा केला, मला आत ठेवून माती लोटली, वर चाफ्याचं फूल ठेवलं आणि प्रार्थनाही म्हटली.

आयुष्यात पहिल्यांदा मी घाबरले. मला चिरा, पिळा, माशाला अर्धी खाऊ द्या, मी पुन्हा उभी राहीन. पण कोरड्या मातीत मी काय करणार? पाण्यावाचून मला एक दुपारही काढवत नाही. इतक्या मानाने माझा जीव आजवर कुणी घेतला नव्हता.

तेवढ्यात आकाइतीमामा चर्चमधल्या गाण्याच्या तालमीहून परतली. बाटली पाहून खूश झाली. मग तिने सहज विचारलं, रोरी सावलीत ठेवलीस ना? सुनेने अंगणाकडे बोट दाखवलं. मामा त्या फुलापाशी गेली.

"तुझ्या सासऱ्याला पुरण्याआधी मी डॉक्टरला दोनदा विचारलं होतं," ती म्हणाली. "तू हिला एकदा तरी हलवून बघितलंस?"

"मामा, तिच्या पोटात काहीसुद्धा उरलं नव्हतं हो."

"माझ्या पोटात तरी सकाळपासून काय आहे? मला पुरशील? उकर आधी. तुझा सासरा मतुसाठी जीव टाकायचा. शेजारी कोण आलंय ते कळलं तर उठून बसेल."

तेरेआपीने हातांनीच माती उकरली. मी उरलीसुरली ताकद गोळा केली आणि शेवटचा चिकट धागा तिच्या अंगठ्यावर फेकला. तो चिकटला मात्र, आणि ती मला ओंजळीत घेऊन "जिवंत आहे, जिवंत आहे" म्हणत समुद्राकडे धावत सुटली. सून सासऱ्याच्या थडग्यापासून असं ओरडत पळतेय हे पाहून शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी देवाचं नाव घेतलं आणि दार लावून घेतलं.

भरायला मला पाच महिने लागले. आज सकाळी ती एकटीच आली. चीर वाकडी पडली, पण बोटभरच. मतु पिळून झाल्यावर तिने मला दगडाखाली ठेवलं. चार पावलं गेली, परत आली, मी हलतेय का ते वाकून पाहिलं. पुन्हा गेली, पुन्हा आली. भरतीचं पाणी कमरेला लागेपर्यंत तिचं हेच चाललं होतं. मला मेंदू नाही, पण ती पोर मला फार आवडली.

आता रिकाम्या पोटी जास्त बोलवत नाही, म्हणून एकच मागते. माझ्या आत जे असेल ते खुशाल न्या. मी कुरकुरेन, धागे फेकीन. पण मला पाण्यात परत ठेवा. बाकीचं माझं मी बघते.