पियानोपुढच्या बाकाची करकर

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. पण साधासुधा नाही, मैफलीत वाजलेला बाक आहे. हे मी मान ताठ करून सांगतो आहे असं समजा, कारण मला मान नाही.

ज्या सुतारानं मला बनवलं तो हाताचा चांगला, पण घायकुता. लाकूड पुरतं वाळायच्या आत त्यानं मला जोडलं, एका दवाखान्यात पोचतं केलं आणि मोकळा झाला. पुढे लाकूड आक्रसलं, सांधे ढिले पडले आणि ऐन तारुण्यात मला संधिवात जडला.

दवाखान्यात मी बाहेरच्या खोलीत, वजनकाट्याशेजारी असे. दिवसभर माझ्यावर रोगी बसत. कुणी कण्हे, कुणी कुंथे, कुणी शेजारच्याला आपलं दुखणं रंगवून सांगे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तसं माझं झालं. कुणी बसलं की मीही कण्हू लागलो. आधी बारीक 'कुईं', मग लांबलचक 'कर्रर्र' आणि शेवटी 'टक'. डॉक्टर वैतागत. "यातला रोगी कोण आणि बाक कोण, तेच कळत नाही," असं म्हणत. दवाखाना बंद झाला तेव्हा त्यांनी मला फ्रिज दुरुस्त करायला येणाऱ्या एका तरुणाच्या गळ्यात मारलं.

या तरुणाला आपण भाऊ म्हणू, कारण तो बाईंचा धाकटा भाऊ. आणि बाई म्हणजे पियानो वाजवणाऱ्या बाई. त्यांचं स्टूल मोडलं होतं, म्हणून त्या दोन पेट्या एकावर एक रचून त्यावर बसत. भावानं मला खांद्यावरून आणून पियानोपुढे ठेवलं.

"ताई, हा घे. निदान माणसासारखी बस तरी."

बाई बसल्या. मी सवयीनं 'कुईं, कर्रर्र, टक' केलं. भाऊ ओशाळला. बाईंनी मात्र कान टवकारले. उठल्या, पुन्हा बसल्या आणि मग पियानोवर अगदी तसंच काहीतरी वाजवलं. मी करकरलो, त्यांनी उत्तर दिलं. मी पुन्हा करकरलो, त्यांनी पुन्हा उत्तर दिलं. मित्रांनो, इतकी वर्षं कण्हत होतो, पण 'काय रे बाबा, काय होतंय?' असं मला कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं. मला फार बरं वाटलं.

बाईंचं संगीत जरा निराळंच. त्या पुष्कळ रचना करत, पण मैफलीत बसल्या की त्या क्षणी जे कानावर पडेल त्यातूनच पुढचं वाजवत. कधी कोपरानं वाजवत. कधी पियानोचं झाकण उघडून आतल्या तारा छेडत, आणि एकदा तर त्यांनी त्या तारांना कपड्यांचे चिमटे लावले. भाऊ म्हणे, "ताई, देवानं दहा बोटं दिलीत ना? मग कोपर कशाला?"

पहिल्या मैफलीला भाऊ नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. मी करकरलो आणि लोक खो खो हसले. भाऊ लालबुंद झाला, मध्येच उठून गेला आणि त्यानंतर बाईंच्या एकाही मैफलीला आला नाही. घरी यायचा, फ्रिज तपासायचा, जेवायचा, पण वाजवण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. बाई एवढंच म्हणत, "त्याला नाही आवडत माझं." हे म्हणताना त्यांचा आवाज लहान व्हायचा.

पुढे लोक हसायचे थांबले आणि टाळ्या वाजवू लागले. कुणीतरी जाणकारानं माझ्या आवाजाला 'अस्वस्थ लाकडाचा हुंकार' म्हटलं. झालं! मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. मुख्य कलाकार मी, पियानो आपला साथीला, असं मला वाटू लागलं. पियानो दिसायला काळा कुळकुळीत, रुबाबदार. पण पाय मोजाल तर तीनच.

बाई थकल्या, तेव्हा त्यांच्या कारकिर्दीचा गौरव म्हणून एका मोठ्या सभागृहात मैफल ठरली. शेवटच्या रचनेचं नाव होतं 'बाक आणि पियानो'. नाव माझं आधी, हे लक्षात घ्या. सुरुवात मी करायची आणि मी जे म्हणेन त्यातून बाई पुढचं सगळं उभं करणार. त्यांनी भावाला फोन केला. "या वेळी तरी ये रे. बोटं दुखतात आता. पुन्हा वाजवेन की नाही, सांगता येत नाही."

भाऊ आला. मैफलीच्या दिवशी दुपारीच सभागृहात आला आणि हत्यारांची पिशवी घेऊन आला. बाई व्यवस्थापकांबरोबर चहाला गेल्या होत्या. भावानं मला उताणं पाडलं. सांध्यांत गोंद भरला, नवे स्क्रू पिळले, लोखंडी पट्ट्या ठोकल्या, वर तेल सोडलं.

"तुझ्यामुळे ताईचं हसं झालं," तो मला दरडावून म्हणाला. "आणि तुला आणलं कुणी? मीच. आज नाही कुणाला हसू देणार."

मी जिवाच्या आकांतानं ओरडणार होतो. पण बाकाचं तोंड म्हणजे त्याचे सांधे, आणि ते तर त्यानं आवळून टाकले होते.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. शेवटच्या रचनेचं नाव पुकारलं गेलं. बाई माझ्यावर बसल्या. मी गप्प. त्या डावीकडे सरकल्या, उजवीकडे सरकल्या, चक्क जरा उडी मारून बसल्या. मी सगळा जोर लावला, पण साधं 'कुईं'सुद्धा फुटेना. लोकांना वाटलं, ही शांतता म्हणजेच नवी रचना. एका गृहस्थानं डोळे मिटून "वा!" म्हटलं. एका काकूंनी नवऱ्याला चिमटा काढला, "श्वास हळू घ्या!" पहिल्या रांगेत भाऊ शेजाऱ्याला ढोसून सांगत होता, "बघा, आवाज येतोय का?"

बाईंनी वाकून माझ्या खाली पाहिलं. नवे स्क्रू चमकत होते. कुणाचं काम आहे ते त्यांनी ओळखलं. त्यांनी हात मांडीवर ठेवले. आता या उठून जाणार, असं मला वाटलं आणि मला भीती वाटली.

भावाला त्यांचा चेहरा दिसला. तो उभा राहिला. "ताई, काय झालं गं? डुगडुगतोय का अजून?"

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. लोक हसले. भाऊ पुन्हा तसाच लालबुंद झाला आणि पिशवी उचलून निघाला.

"थांब," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी पियानोवर वाजवलं ते त्याचंच वाक्य होतं. 'ताई, काय झालं गं', त्याच चढउतारांनी.

भाऊ जागीच थबकला. "अगं, मी नीट केला बाक. लोक हसतात म्हणून." पियानोनं तेही म्हटलं. भाऊ पुढे म्हणाला, "तेव्हाही हसले होते. मला नाही बघवलं."

बाईंचे हात थांबले. "म्हणून यायचा नाहीस तू?"

"मग काय!"

"मला वाटलं, तुला माझं वाजवणं आवडत नाही."

"ते नाहीच आवडत," भाऊ प्रामाणिकपणे म्हणाला. सभागृहात हशा फुटला आणि सगळ्यांत मोठ्यानं बाई हसल्या. "पण तुला कुणी हसलेलं त्याहून आवडत नाही."

बाईंनी डोळे पुसले आणि बाजूला सरकल्या. "ये, बस इथे. पक्का केलायस ना? मग पेलेल दोघांना. बोल काहीतरी."

भाऊ बसला. काय बोलावं सुचेना, म्हणून बिघडलेला फ्रिज कसा घरघरतो ते त्यानं करून दाखवलं. बाईंनी ती घरघर उचलली, तिला कोपर लावलं आणि पियानो दणाणून गेला. मग हळूहळू सगळं निवलं. बाई एकेका बोटानं वाजवू लागल्या. भाऊ बोलायचा थांबला आणि नुसता ऐकू लागला.

आणि मित्रांनो, मीही. आजवर मी माझ्याच करकरीत इतका दंग होतो की बाई काय वाजवतात ते मी कधी धड ऐकलंच नव्हतं. खरं सांगू? मला त्यातलं फारसं कळलं नाही. पण ते संपू नये असं वाटत राहिलं.

मैफल संपल्यावर भावानं स्क्रूड्रायव्हर काढला. "ताई, परत ढिला करून देऊ का?"

"राहू दे," बाई म्हणाल्या. "आता तू येत जा."

माझी नोकरी गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आता माझ्यावर नुसतं बसतात. म्हणून मित्रांनो, एकच विनंती आहे. जुन्या वस्तूंची निगा राखा, तेलपाणी करा. पण स्क्रू पिळण्याआधी, तो आवाज कुणाला हवा आहे का, एवढं घरात विचारून घ्या. विचारलं तर बाक काही उत्तर देणार नाही. पण ताई देईल.