कोळवणच्या पानावरचं भांडण

'बहुतांशी निर्मनुष्य.' हे दोन शब्द वाचले आणि माझं डोकं फिरलं.

२००८ सालचा उन्हाळा होता. मी पौडला एसटी स्टँडमागच्या क्लासमध्ये पोरींना आणि बायकांना कॉम्प्युटर शिकवायची. कोळवणहून सकाळची जीप पकडायची, संध्याकाळच्या एसटीनं परत. क्लासमध्ये नेट नुकतंच आलं होतं. आज काय दाखवावं म्हणून मी विकिपीडिया उघडला. मराठीतला, कुणीही लिहावा आणि कुणीही सुधारावा असा ज्ञानकोश. मी ऐटीत पोरींना म्हटलं, बघू आपलं कोळवण आहे का त्यात. तर पान निघालं की. मी हरखून मोठ्यानं वाचायला लागले.

"कोळवण खोरे हे पुण्याजवळील निसर्गरम्य व बहुतांशी निर्मनुष्य ठिकाण आहे. येथील जमीन पडीक असून फार्महाऊससाठी उत्तम आहे." आणि लेखाच्या तळाशी, चौकातल्या फ्लेक्सवर असतं तसं, "शुभेच्छुक : एक मुळशीकर".

निर्मनुष्य म्हणे. मग मी कोण, समंध? माझी सासू साळूबाई पहाटे उठून चूल पेटवते ती कुणासाठी, वाघरांसाठी? पोरी हसल्या. मला मात्र हसू येईना, आणि त्याला कारण होतं.

आमच्या घरात ओढ्याकाठचं खाचर विकायचं चाललं होतं. वरची जमीन आधीच गेलेली, भाताचं तेवढं एकच राहिलेलं. माझे थोरले दीर, कैलासभावजी, जमिनीचे व्यवहार करायचे. शहरातल्या लोकांना गाडीत घालून खोऱ्यात फिरवायचे, हा डोंगर बघा, हे पाणी बघा. आता घरच्याच खाचराला गिऱ्हाईक लागलं होतं आणि ते पुढच्या रविवारी बघायला येणार होतं. आमचे हे जीप चालवतात आणि भावापुढं मान वर करत नाहीत. आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, आज हो तर उद्या न्हाई. मला ते खाचर जाऊ द्यायचं नव्हतं. पण मी बोलणार कशी?

आमच्यात थोरल्या दिरासमोर धाकट्या सुनेनं तोंड उघडायचं नसतं. ते ओट्यावर आले की डोक्यावर पदर घ्यायचा, चहा उंबऱ्यात ठेवायचा आणि आत जायचं. काही सांगायचंच असेल तर त्यांना ऐकू जाईल असं आत्याबाईंना सांगायचं. तेही तसंच करतात. "आये, धाकटीला म्हणावं रेशनचं कार्ड काढून ठेव." मी दीड हातावर उभी असले तरी आत्याबाई माझ्याकडं वळून तेच वाक्य पुन्हा म्हणणार. लग्न होऊन आले तेव्हापासून भावजींशी माझं सरळ एक वाक्य झालेलं नव्हतं.

तर तो सगळा राग मी त्या पानावर काढला. असलं नसलं सगळं पुसून टाकलं आणि लिहिलं, "हे खोटं आहे. इथं माणसं राहतात. लिहिणाऱ्याला लाज वाटायला पाहिजे." थोड्या वेळानं बघते तर जुना मजकूर जागच्या जागी. मी पुन्हा पुसला. तो पुन्हा आला. तिसऱ्यांदा पुसला तेव्हा मला एक निरोप आला.

"नमस्कार, आपलं स्वागत आहे. आपण कोळवणच्या आहात असं दिसतं. मग हे पान आपल्याइतकं चांगलं कोण लिहिणार? फक्त सगळं पुसण्याऐवजी काय चुकलंय ते शेजारच्या चर्चापानावर लिहाल का? मी मदतीला आहे. निषाद."

मी भांडायच्या तयारीत बसलेली आणि हा बाबा स्वागत करतोय. मी तरी सोडते काय, त्याच निरोपाखाली चार खरमरीत ओळी लिहिल्या, पोरींच्या कॉम्प्युटर क्लासमधून लिहितेय हेही ऐकवलं. त्याला उत्तर आलं ते असं, की आपल्या क्लासमध्ये आणखी कुणाला शिकायचं असेल तर मी शनिवारी येऊ का.

आला की खरंच. नांदेडकडचा पोरगा, हिंजवडीत नोकरी आणि बावधनला भाड्याच्या खोलीत राहायला. चांदणी चौकातून बाईकवर घाट उतरून आलेला, तोंडावर धूळ. मला वाटलं होतं कुणी चष्मेवाले प्राध्यापक असतील. हा तर आमच्या ह्यांच्यापेक्षाही लहान.

त्याची शिकवायची तऱ्हा मी आजवर कुणात बघितली नाही. आम्ही मास्तर लोक काय करतो, शिकणाऱ्याच्या हातातला माऊस ओढून घेतो. सरका बाजूला, मी दाखवते. निषाद शिकणाऱ्याच्या मागं उभा राहायचा आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून घ्यायचा. समोरची बाई चुकू दे, अडू दे, हात म्हणून पुढं यायचा नाही. आमच्या अंगणवाडीच्या रत्नाबाई तासभर खपून, मधूनमधून जतन करत, रानभाज्यांवर लिहीत होत्या. त्यांनी काय दाबलं देव जाणे, लिहिलेलं सगळं गेलं. बाईंचे डोळे भरले. मी हात घालणार तेवढ्यात निषाद म्हणाला, "थांबा मॅडम. रत्नाबाई, वर 'इतिहास' लिहिलंय, तिथं जा." बाई गेल्या. तिथं त्यांचं सगळं लिखाण ओळीनं ठेवलेलं होतं. "इथं काही नाहीसं होत नाही," तो म्हणाला, "फक्त मागं जाऊन आणावं लागतं." बाईंनी स्वतःच्या हातानं ते परत आणलं. तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी इतकी वर्षं शिकवत होते, माझ्या एकाही विद्यार्थिनीचा चेहरा असा झाला नव्हता. मला त्या पोराचं फार कौतुक वाटलं, आणि थोडा हेवाही.

चहा पिताना मी मुद्द्यावर आले. "तो शुभेच्छुक कोण हाय त्याला हाकला हितनं. जमिनीचा दलाल असणार कुणीतरी." आणि पौडला दर दोन दुकानांआड एक दलाल.

"तेही नवीनच आहेत," निषाद म्हणाला. "सह्याद्री नावानं लिहितात. शुभेच्छुक का लिहायचं नसतं ते मी कालच फोनवर समजावलं, तर आज सकाळी त्यांनी स्वतः काढलं. चांगला माणूस आहे."

"तुमी त्यालाबी शिकवताय?" माझा आवाज चढला. "तुमी नेमके कुणाच्या बाजूचे?"

"पानाच्या," तो म्हणाला, आणि बिस्किट चहात बुडवलं.

असा राग आला म्हणून सांगू. पण त्यानं जाताना दोन गोष्टी सांगितल्या त्या मी ऐकल्या. एक, जे म्हणायचं त्याला छापील आधार द्यायचा. दुसरी त्याची स्वतःची होती. उत्तराच्या शेवटी समोरच्याला एक खरा प्रश्न विचारायचा, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. "प्रश्न विचारला की भांडणाला बसायला जागा मिळते," असं काहीसं तो म्हणाला.

मी जनगणनेचं पुस्तक मिळवलं आणि खोऱ्यातल्या गावांची लोकसंख्या चर्चापानावर उतरवली. मी तिथं 'आंबेमोहर' नावानं लिहायची. शेवटी विचारलं, "इतकी माणसं राहतात त्या जागेला निर्मनुष्य म्हणावं का?" मनात म्हटलं, आता हा उसळणार. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "म्हणू नये. माझी चूक झाली. शब्द काढला." आणि खरंच काढला होता. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मी कंबर कसून उभी आणि समोरचा वाट सोडून बाजूला झालेला.

'पडीक' मात्र त्यानं सोडलं नाही. मी भाताच्या पिकाची माहिती दिली, निषादनं कुठलंसं जुनं कात्रण शोधून आम्हा दोघांनाही पाठवलं. त्यावर शुक्रवारी दुपारी सह्याद्रीचं लांबलचक उत्तर आलं.

"पीक उत्तम येतं हे खरं. पण आज करतो कोण? आमचंच ओढ्याकाठचं खाचर दोन पावसाळे पडून आहे. बैल विकले. आई थकली. भाऊ जीप चालवतो, भावाची बायको पौडला कॉम्प्युटर शिकवते. हौस म्हणून कोणी जमीन विकत नाही. तुमच्याकडे लावणी कोण करतं?"

मी ते वाचलं आणि परत पहिल्यापासून वाचलं. भावजी. भावजींनी कधी कॉम्प्युटरला हात लावला असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. आणि मी आठवडाभर त्यांच्याशी तोंडाला तोंड देऊन भांडत होते, तेही पदर न घेता.

मी निषादला फोन लावला. कोण ते सांगितलं नाही, कसं सांगणार? नुसतं म्हटलं, मला आता त्या पानावर लिहायचं नाही.

"नका लिहू," तो म्हणाला. "सक्ती कुणावरच नाही. फक्त त्यांनी प्रश्न विचारलाय, ते वाट बघत असतील."

त्यानं ओरडून सांगितलं असतं तर मी फोन आपटला असता. मी परत येऊन बसले. कितीतरी वेळ लिहिलं आणि पुसलं. शेवटी एवढंच राहिलं, "माणसं कमी झाली हे तुमचं खरं आहे. पण त्या भावाच्या बायकोला कुणी विचारलं का, ती लावणी करील का म्हणून?"

शनिवारी क्लास उघडला तो चप्पल काढायच्या आधी पान उघडलं. निषादची ओळ होती, "ही चर्चा लेखाच्या बाहेर चालली आहे, मी ती थांबवायला हवी. पण आपण दोघं इतकं नीट बोलताय की मला थांबवायचा धीर होत नाही." आणि त्याच्या खाली भावजी.

"नाही विचारलं. आमच्या घरी थोरल्या दिरानं भावजयीशी बोलायची रीत नाही. ती हुशार आहे, शिकलेली आहे. अशी सून चिखलात उतरवायची मला लाज वाटते. खाचर गेलं तर तिच्यामागचा तो घोर तरी जाईल, असा विचार केला. विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, असं आपल्याला वाटतं?"

समोर पोरी येऊन बसतायत, आणि मी पदरानं डोळे पुसतेय असं कधी झालं नव्हतं. मला वाटायचं, ह्या माणसाच्या लेखी मी म्हणजे उंबऱ्यात चहा ठेवणारा हात. आणि ते माझ्यासाठी जमीन विकायला निघाले होते, मला न विचारता. राग यावा की माया, कळेना. दोन्ही आलं. उत्तर लिहायला मी बोटं ठेवली आणि उचलून घेतली. हे उत्तर तिथं लिहायचं नव्हतं. उद्या रविवार होता.

संध्याकाळी घरी आले. भावजी ओट्यावर बसले होते, आत्याबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. मी चहा केला. पदर घेतला, पण उंबऱ्यात थांबले नाही. बाहेर गेले आणि कप त्यांच्या हातात दिला.

"भावजी, खाचर विकू नका. सकाळची बॅच सोडते मी, दुपारची ठेवते. लावणी मी करीन. मला चिखलाची लाज न्हाई वाटत."

आत्याबाईंचा हात सुपातच थांबला. भावजी खाली बघत होते. मग त्यांनी मान वर केली, आणि त्यांच्या तोंडाचा रंग बदलला तेव्हा मला समजलं, की त्यांना समजलं. मी प्रश्नाचं उत्तर दिलं होतं आणि आता थांबायचं होतं.

"आये, धाकटीला म्हणावं..." त्यांनी सवयीनं सुरुवात केली आणि तोडली. कप खाली ठेवला. घसा साफ केला. माझ्याकडं बघून म्हणाले, "बी किती लागंल?"

आत्याबाई लगबगीनं माझ्याकडं वळल्या. "गौतमी, भावजी इचारत्यात, बी किती लागंल म्हणून."

"ऐकलंय तिनं, आये," भावजी म्हणाले. "तिला बोलू दे."